उतरलेलं वजन कशाचं?

प्रस्तावना

चाळिशीतला एखादा गृहस्थ माजिवड्यात पळायला सुरुवात करतो. डॉक्टरांनी ट्रायग्लिसराइडच्या आकड्यावर बोट ठेवलेलं असतं, पँट कमरेला आवळू लागलेली असते. पहाटे मेट्रोच्या खांबांखालून, नाशिककडे निघालेल्या ट्रकांचा धूर चुकवत सर्व्हिस रोडने जायचं आणि परत फिरायचं असा नेम तो धरतो. संध्याकाळचा वडापाव सुटतो, रात्रीचा भात सुटतो. सहा महिन्यांत काटा आठ किलोंनी खाली येतो. मग गणपतीत तो गावी जातो आणि मावशी उंबऱ्यातच विचारते, "अरे, शुगर निघाली की काय?"

हा प्रश्न त्याला झोंबतो. सोसायटीच्या ग्रुपवर त्या आठ किलोंचं भरभरून कौतुक झालेलं असतं. मावशीला यातलं काय कळतंय, असं म्हणून तो विषय सोडून देतो. शरीरघटनेच्या शास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला मात्र मावशीची बाजू घ्यावीशी वाटते. तिने काटा पाहिलेला नाही, माणूस पाहिलाय. खांद्यावरून ओघळलेला शर्ट, वर आलेली गळ्याची हाडं, बसलेली गालफडं तिच्या नजरेत भरली आहेत. आणि त्याच शर्टाखाली पोटाचा घेर बराचसा जागच्या जागी आहे, हेही तिच्या नजरेतून सुटलेलं नाही. वजन किती उतरलं ते काट्याने सांगितलं. कशाचं उतरलं, हे तिने विचारलं. प्रस्तुत पुस्तक ज्या शास्त्राची ओळख करून देतं, ते या दुसऱ्या प्रश्नावर उभं आहे.

शरीरघटनेच्या अभ्यासात माणसाचे ढोबळ दोन हिस्से करतात: एक चरबी, दुसरं बाकी सगळं. या 'बाकी सगळ्या'त स्नायू येतात, हाडं येतात, यकृतासारखे अवयव येतात आणि भरपूर पाणी येतं. काट्याला यातला फरक कळत नाही. नवख्याला पहिल्या आठवड्यात जे दीड-दोन किलो गेल्याचा आनंद होतो, त्यात चरबी थोडीच असते. यकृतात आणि स्नायूंत मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असते आणि तिच्या दर ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. पोळी-भात कमी करून पळायला लागलं की साठा उतरतो, पाणीही जातं. एका दुपारी श्रीखंड-पुरी झाली की दोन्ही परत येतात. ऑक्टोबरातल्या ठाण्याच्या दमट हवेत तासभर पळून आल्यावर काटा किलोभर कमी दाखवतो, तो तर निव्वळ घाम. हे पाणी बाजूला काढलं, तरी नुसतं खाणं तोडून उतरवलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्या चौथ्या हिश्शात स्नायू असतात, आणि मावशीला दिसतो तो हाच हिस्सा.

आता हा हिशोब आपल्या लोकांना इतरांपेक्षा महाग का पडतो, ते समजून घ्यायला पुण्याला जावं लागेल. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक पानभराचं टिपण छापून आलं. लेखक दोन: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. टिपणासोबत त्या दोघांचाच शेजारी शेजारी उभा फोटो आहे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच: २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघंही ठणठणीत. पण अंगातली चरबी वेगळी मोजणाऱ्या डेक्सा यंत्राने तपासल्यावर युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली शेकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या अंगात शेकडा २१.२. फोटोखालच्या मजकुरात लेखकांनी स्वतःचीच थट्टा केली आहे: युडकिन मॅरेथॉन पळतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार मिटायच्या आत धावत जाऊन ती पकडणं. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'वाय-वाय' विरोधाभास म्हणतात. या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी काय वाचावं असं कुणी विचारलं, तर मी जाडजूड ग्रंथ सुचवत नाही, हे एक पान सुचवतो.

त्याच मजकुरात एक गंभीर ओळही आहे: याज्ञिकांचं जन्मवेळचं वजन कमी होतं. त्यामागे त्यांच्याच गटाचं मोठं काम उभं आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायांचा आहार, शेतातले कष्ट आणि पुढे जन्मलेल्या बाळांची मापं नोंदली. ही बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोंची. एवढा फरक असेल तर चरबीही त्याच प्रमाणात कमी असायला हवी. ती तशी नव्हती. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, पण खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली कातडीखालची चरबी जवळजवळ टिकून होती. किडकिडीत दिसणारं आणि तरीही आतून चरबीचं, असं हे बाळ. पुढे तेच मोठं होतं, शिकतं, ठाण्यात फ्लॅट घेतं, दिवसाचे तीन तास लोकलमध्ये आणि नऊ तास खुर्चीत घालवतं. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपल्याकडची ओळखीची अंगलट तिथून घडत येते.

यातला धोका दिसण्याचा नाही. जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर सामावून घेणारं शरीरातलं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. ज्याचं कोठार मुळातच लहान, त्याने वजन उतरवण्याच्या नादात तेच आणखी लहान करून घेतलं तर काट्यावर जिंकून तो मधुमेहाच्या लढाईत मागे सरकतो. म्हणून तर भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी रेषा खाली ओढली: बीएमआय २३ च्या पुढे वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा; पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत. माझं विचाराल तर या सगळ्या आकड्यांत कमरेचा आकडा सर्वांत प्रामाणिक. शिंप्याची टेप दहा-वीस रुपयांना मिळते, आणि पाणी कमी-जास्त झालं म्हणून ती दिशाभूल करत नाही. चरबीचा टक्का दाखवणारे घरगुती डिजिटल काटे नेमकी तीच दिशाभूल करतात.

मग पळायचं की नाही? पळायचं. फक्त पळण्याकडून काय मागायचं ते नीट ठरवायचं. इटलीचे रोदोल्फो मार्गारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवलं की सपाटीवर पळण्याचा खर्च किलोमीटरमागे, शरीराच्या दर किलोला, साधारण एक कॅलरी येतो. वेग वाढवला तरी किलोमीटरचा भाव फारसा बदलत नाही. सत्तर किलोंचा माणूस पाच किलोमीटर पळाला की साडेतीनशे कॅलरी. एका वडापावात अडीचशे-तीनशे जातात. किलोभर चरबीत साठवलेल्या असतात ७,७०० च्या आसपास. आठवड्यातून पाच वेळा पाच किलोमीटर पळून, खाण्यात काडीचाही बदल न करता, आठवड्याला पाव किलोसुद्धा उतरत नाही. त्यातही शरीर हातचं राखतं. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाद्झा या शिकारी जमातीचा दिवसभराचा खर्च मोजला आणि २०१२ मध्ये जाहीर केला; दिवसभर रानोमाळ हिंडणाऱ्या त्या लोकांचा खर्च, अंगकाठीचा हिशोब धरला तर, खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्यांइतकाच निघाला. ट्रेडमिलवर रंगवलेला 'फॅट बर्निंग झोन' पाहून हळू पळणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. हळू पळताना जळणात चरबीचा वाटा मोठा असतो हे खरं, पण दिवसअखेर खाल्लेलं आणि खर्चलेलं यांची वजाबाकी काय उरते, त्यावर चरबीचं भवितव्य ठरतं. हळू पळावं ते गुडघ्यांसाठी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळता यावं यासाठी. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल असा वेग नवख्याला पुरे.

'कार्डिओने मसल जळतात' ही जिममधली म्हण इथे तपासून घेऊ, कारण तिच्यामागे एक खरा आणि रंजक इतिहास आहे. रॉबर्ट हिक्सन हे अमेरिकी संशोधक मुळात वजनं उचलणारे गडी. सेंट लुईसला जॉन हॉलोझी यांच्या प्रयोगशाळेत ते रुजू झाले. हॉलोझी पळणारे; हिक्सन त्यांच्यासोबत पळू लागले आणि आपली ताकद उतरतेय असं त्यांना जाणवलं. पुढे त्यांनी प्रयोगच मांडला आणि १९८० मध्ये प्रसिद्ध केला. एका गटाने दहा आठवडे फक्त पायांच्या ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने फक्त दमसासाचा, तिसऱ्याने दोन्ही. तिसऱ्या गटाची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत पहिल्या गटाच्या जोडीने चढत गेली, मग अडली, आणि शेवटी चक्क उतरू लागली. दमसास मात्र उत्तम वाढला. या निष्कर्षाने जिमवाल्यांची एक पिढी पळण्याला घाबरून राहिली. पण तो तिसरा गट आठवड्यातून पाच दिवस ताकदीचा आणि सहा दिवस दमसासाचा व्यायाम करत होता, तोही जिवाच्या आकांताने, हे सांगायचं राहून जातं. २०२२ मध्ये मोरित्झ शुमान आणि सहकाऱ्यांनी पुष्कळ प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा दोन्ही व्यायाम सोबत केल्याने स्नायूंच्या वाढीला किंवा ताकदीला बाध येताना दिसला नाही; फार तर झटक्यात लावायची ताकद थोडी कमी वाढते. आठवड्यातून चार दिवस अर्धा तास पळणाऱ्या माजिवडेकराने हिक्सनची धास्ती घ्यायचं काही कारण नाही.

स्नायू जातात ते उपासमारीने, आणि त्यांना काम न मिळाल्याने. चणचणीच्या दिवसांत घरातलं वापरात नसलेलं भांडं आधी मोडीत निघतं. शरीर तेच करतं. पळण्यात पायांना थोडंफार काम मिळतं. खांदे, पाठ, छाती, दंड यांना जवळजवळ काहीच नाही. मावशीला खांदे का खटकले त्याचं उत्तर इथे आहे.

खरं तर हे काम द्यायची विद्या आपल्याकडे घरोघरी होती. जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा केवढा प्रचार केला. बडोद्याच्या दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी मराठीत 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड सिद्ध केले. पळणारेही होते. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी पळणारे खेड्यातले गडी पाहून दोराबजी टाटा थक्क झाले आणि पुढच्याच वर्षी काही भारतीय खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. पण तालीम आणि धावपट्टी यांची सोयरीक फारशी जमली नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपले खाशाबा जाधव कुस्तीचं कांस्य जिंकले, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये एमिल झाटोपेकने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं उचलली. त्या दोघांची शिस्त एकाच साध्या माणसाच्या आठवड्यात कशी बसवायची, हा या शास्त्राचा आजचा व्यावहारिक प्रश्न आहे. उत्तर वाटतं त्याहून सोपं आहे. पळण्याचे तीन-चार दिवस आणि त्यांखेरीज दोन दिवस जोर, बैठका, ओढण्याचा एखादा व्यायाम आणि जमिनीवरून जड काही उचलण्याचा एखादा. शेवटचे दोन-तीन जोर कष्टानेच निघायला हवेत. सहज निघणाऱ्या पन्नास जोरांनी शरीराला कसलाही निरोप पोचत नाही. उपवनकडून येऊरच्या चढावर पळणं मला याच कारणासाठी आवडतं. चढावर वेग आपोआप मरतो, पाय आपटत नाहीत आणि मांड्या-पार्श्वभागाला सपाटीपेक्षा खूप जास्त काम पडतं. तिथे रविवारी सकाळी गर्दी मात्र जत्रेची.

काम दिलं, आता खाणं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहण्याजोगा आहे. तरुण पुरुषांना चार आठवडे गरजेपेक्षा शेकडा ४० कमी कॅलरींवर ठेवलं आणि आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम करवला. अर्ध्यांना शरीराच्या दर किलोला १.२ ग्रॅम प्रथिनं, अर्ध्यांना २.४. कमी प्रथिनवाल्यांची चरबी साडेतीन किलो गेली आणि स्नायू होते तेवढे राहिले. जास्तवाल्यांची चरबी ४.८ किलो गेली आणि चरबीविरहित वजन १.२ किलो वाढलं, तेही अर्धपोटी! असा कठोर प्रयोग घरी करू नये, पण त्यातून दिशा कळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची रोजची शिफारस किलोला ०.८३ ग्रॅमची आहे, ती निरोगी माणसाच्या नेहमीच्या गरजेची. वजन उतरवताना १.६ च्या आसपास जावं असं या क्षेत्रातले बहुतेक जण सांगतात. सत्तर किलोंना ११० ग्रॅम.

हा आकडा ऐकून आपल्या डब्याकडे पाहावं. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या आणि भेंडी, चारला चहा-खारी, रात्री वरण-भात. पन्नासचा आकडा गाठतानाही मारामार. वरणाच्या वाटीत प्रथिनं सहा-सात ग्रॅम, म्हणजे 'आम्ही रोज डाळ खातो' या भरवशावर राहता येत नाही. पण उपाय महागड्या डब्यांतल्या पावडरीपाशी सुरू व्हायला नको. दोन अंड्यांत बारा ग्रॅम. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा. कोरड्या सोयाबीन वड्यांत शंभराला पन्नासच्या वर. भाजीच्या जागी मटकीची किंवा चवळीची दाट उसळ, सोबत दह्याची मोठी वाटी. माजिवडा, बाळकुम, कोलशेतच्या जुन्या आगरी-कोळी घरांना तर हे सांगायलाच नको. सुकट आणि सुके बोंबील यांच्याइतकं प्रथिनांनी गच्च आणि तरीही स्वस्त अन्न शोधून सापडणार नाही. सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाणारा माणूस 'डाएट' म्हणून ओट्स खाऊ लागतो, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी पळायला लागण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलायलाच हवं. त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

राहिल्या दोन गोष्टी, घाई आणि झोप. नॉर्वेत खेळाडूंच्या दोन गटांनी वजन उतरवलं, एकाने आठवड्याला शेकडा ०.७ च्या वेगाने, दुसऱ्याने दुप्पट वेगाने. सोबत दोघांनाही ताकदीचा व्यायाम. सावकाश उतरवणाऱ्यांचे स्नायू वाढले, घाई करणाऱ्यांचे वाढले नाहीत. २०११ चा हा अभ्यास मी 'लग्नाआधी दहा किलो' असं म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ऐकतं कुणी नाही. झोपेचा प्रयोग शिकागोचा, २०१० चा. माणसं दहाच, पण निकाल डोळ्यांत अंजन घालणारा. तीच माणसं, तेवढंच कमी खाणं, दोन आठवडे रात्री साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास अंथरुणात. उतरलेलं वजन दोन्ही वेळा सारखंच. पण कमी झोपेत चरबी निम्म्याहूनही कमी गेली आणि चरबीखेरीजचं वजन शेकडा ६० ने जास्त गेलं. ठाण्यातल्या नोकरदाराला हे विशेष लागू पडतं. रात्री साडेअकराला जेवून बाराला झोपणारा माणूस साडेचारचा गजर लावून पळायला जातो आणि त्याला आपण निग्रही म्हणतो. अशा माणसाने त्या दिवशी झोपावं, आणि संध्याकाळी स्टेशनवरून घरी चालत यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

या पुस्तकातली पुढची प्रकरणं याच वाटेने जातात: मोजमाप, जळण, ताकद, ताट, विश्रांती. शरीरशास्त्राचं आधीचं शिक्षण लागणार नाही. बेरीज-वजाबाकी आणि थोडी चिकाटी पुरे. एक उणीव मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण ती वाचकाला पानोपानी जाणवेल. वर सांगितलेल्या प्रयोगांतले बरेचसे तरुण, पाश्चात्त्य आणि पुरुष आहेत. पाळी जाण्याच्या वयातली डोंबिवलीची बाई, जिचे स्नायू आणि हाडं दोन्ही त्याच सुमारास झिजू लागतात, ती या कागदांत क्वचितच भेटते. तिच्यासाठी पळण्यापेक्षाही वजनं उचलणं आधी, असा माझा निष्कर्ष इतर पुराव्यांवरून काढलेला आहे आणि त्या प्रकरणात तो तसाच मांडला आहे.

याज्ञिकांच्या गटाने त्या सहा खेड्यांत मापं घेतलेली बाळं आज तिशीत आहेत. पोट सुटायला लागतं आणि माणूस बूट विकत घेतो, ते हेच वय. जन्मतःच स्नायू कमी घेऊन आलेलं शरीर तिशी-चाळिशीत नीट पळालं, जोर काढले, पोटभर प्रथिनं खाल्ली, तर साउदॅम्प्टनच्या बाळाइतकं भरून येतं का, की काही अंतर कायमचं राहतं? आणि तेवढंच भरायला त्याला प्रथिनं जास्त लागतात का? वाचकांपैकी कुणी या क्षेत्रात शिकायला येणार असेल, तर त्याने कामाला लागावं असे हे प्रश्न आहेत.

माजिवडा, ठाणे